मांजरपाटावरची चाळ

आमच्या शेजारच्या घाडी मास्तरांना वास येत नसे, आणि त्याचा त्रास मला होत असे.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सकाळच्या पाळीला होते. पहाटे उठून पाणी भरायचं, डबे करायचे, मग तिथे जाऊन कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंककॉल जोडायचे आणि दुपारी घरी आलं की जरा पाठ टेकायची, एवढंच माझं सुख. ती पाठ जमिनीला लागते न लागते तोच दारावर टकटक व्हायची. हाताने नाही, लाकडी पट्टीने. दार उघडावं तर समोर मास्तर. गळ्यात माप घ्यायची टेप, कानावर पेन्सिल आणि चेहऱ्यावर डॉक्टरांसारखी काळजी.

"वहिनी, वास आहे?"

"आहे."

"कसला?"

"मास्तर, मी झोपले होते हो."

"झोपेत नाक चालूच असतं. कसला ते सांगा."

मग मी विस्कटलेल्या केसांनी उंबऱ्यात उभी राहून, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर हवा हुंगायची. "कुजक्या अंड्यांचा," असं सांगायची, किंवा "रबर जळल्यासारखा," किंवा "कालचाच." कालचाच हे उत्तर त्यांना चालत नसे. कालच्यापेक्षा जास्त की कमी, ते हवं असे. जास्त म्हटलं की "कुठून?" आणि मागून म्हटलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "बोट ठेवा." मी हवेत कुठेतरी बोट दाखवायची आणि दार लावून घ्यायची. तोवर झोप उडालेली असे.

मास्तरांचं स्वतःचं नाक तपकिरीने कामातून गेलं होतं. चाळीत एवढी नाकं असताना माझ्याच नाकाच्या मागे का लागता, असं मी एकदा वैतागून विचारलं. तर म्हणाले, "तुम्ही पार्ल्याच्या ना? बिस्किटांच्या वासात वाढलेलं नाक ते. लाडावलेलं. त्याला पटकन कळतं. आमची इथली नाकं सरावली."

ते खोटं नव्हतं. माझ्या माहेरी संध्याकाळी बिस्किटं भाजल्याचा वास यायचा आणि त्या वासात आम्ही परवचा म्हणायचो. लग्न करून घाटकोपरला आले ती थेट रंगाच्या कारखान्याच्या मागे. आमची बैठी चाळ, तिच्या पाठीशी मोकळ्या जमिनीचा एक तुकडा आणि तुकड्यापलीकडे कारखान्याची भिंत. कापड रंगवायचे रंग तिथे बनत आणि वारा असेल तसे आमच्याकडे येत. लोकांकडे तेव्हा रंगीत टीव्ही नुकते यायला लागले होते. आमच्याकडे रंगीत बनियन होते. सकाळी पांढरा वाळत घातलेला, संध्याकाळी काढावा तर लिंबाच्या सालीसारखा पिवळा. सगळी चाळ रोज त्या कारखान्याचा उद्धार करायची आणि मग जेवून झोपायची.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. कुर्ल्याला तयार शर्टांचा एक छोटा कारखाना होता, तिथे ते कटिंग मास्तर होते. उभा जन्म कापड कापण्यात गेलेला. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्यांना अंगात घालून बघायची सवय. नळाला पाणी कमी आलं, तर "गळ्यात घट्ट झालाय." कोणाचं नवराबायकोचं भांडण झालं, तर "काखेत काचतंय, बाकी फिटिंग ठीक आहे." आणि कोणी कसलीही तक्रार केली, की ट्रायलला उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं, "कुठं काचतंय? बोट ठेवा."

कारखान्याला कोणी शिव्या घातल्या, तर त्यालाही हेच. "नावं मागाहून ठेवा हो. आधी बोट ठेवा."

मास्तर एकटे राहत. मंडळी गावी असते, असं ते सांगत. गाव कणकवलीच्या अलीकडे कुठेतरी. आम्ही बिऱ्हाड घेतलं तेव्हाच ती बाई गेलेली होती, मी तिला कधी पाहिली नाही. तब्येतीचं निमित्त झालं, असं आमच्या पलीकडच्या कांबळेबाई म्हणत. त्या 'निमित्त' शब्दावर मी माझ्या मनाने बरंच काही रचलं होतं. रोज स्वयंपाकघरात येऊन "वास आहे?" विचारणाऱ्या नवऱ्यापाशी कोण टिकणार? मी तर म्हणे, बाई सुटली.

हे सगळं असंच चाललं असतं. पण एके दिवशी शाळेच्या फाटकावर एक नोटीस लागली. मागच्या मोकळ्या तुकड्यावर कारखान्याला नवी भट्टी बांधायची आहे, कोणाची हरकत असेल तर वॉर्ड ऑफिसला कळवावी, सुनावणी होईल. म्हणजे आता जो धूर निदान एक तुकडा ओलांडून यायचा, तो थेट आमच्या मोरीच्या खिडकीत येणार. नोटिशीखाली नकाशा डकवलेला होता. त्यात आग्रा रोड होता, कारखाना होता, शाळा होती, आणि आमची चाळ होती त्या ठिकाणी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'मोकळी जमीन'.

मास्तरांनी ते वाचलं आणि पट्टीने माझं दार ठोठावलं. या वेळी वासाचं विचारलं नाही.

"वहिनी, आपण नाही."

"कुठे नाही?"

"कुठेच नाही. या, दाखवतो."

मी त्यांच्याबरोबर गेले, पाहिलं, आणि मला इतकी वर्षं आपण मोकळ्या जमिनीवर पोळ्या लाटत होतो हे कळलं. माझं म्हणणं होतं की चाळीने मिळून एक अर्ज करावा, सह्या कराव्यात, द्यावा. मास्तर म्हणाले, "अर्जात नुसतं लिहिता येतं. त्यांच्याकडे नकाशा आहे, आपल्याकडेपण नकाशा पायजे. आपलं माप कोणी घेतलंच नाही, म्हणून हे झालं."

आणि दुसऱ्या दिवशी ते मापं घेऊ लागले.

मापं कशाने घ्यावीत? गळ्यातल्या टेपने. शर्टाची छाती मोजायची ती टेप, आणि मोजायची अख्खी वस्ती. एका माणसाने टेपचं टोक धरून बसायचं, मास्तर पुढे जाणार, खडूने खूण करणार, मग टोकवाल्याने उठून खुणेवर येऊन बसायचं. टोकवाला कोण? आमचे हे. रविवारी सकाळी निवांत दाढी करणारा माझा नवरा पायजमा वर करून गटाराच्या कडेने बेडकासारखा पुढे पुढे सरकतोय, हे दृश्य मी खिडकीतून बघत होते. माझा नवरा कोणाला नाही म्हणत नाही. तो मला हो म्हणाला तेव्हा मला या गुणाचं कौतुक वाटलं होतं.

मापं झाल्यावर कापड आलं. मास्तरांनी कारखान्यातून मांजरपाटाचा मोठा तुकडा आणला. कागद फाटतो, भिजतो, घडीवर झिजतो, कापडाला काही होत नाही, हे त्यांचं म्हणणं. ते अंथरायचं कुठे? मास्तरांच्या खोलीत शिलाई मशीन आणि कापायचं टेबल, पाय ठेवायला जागा नाही. आमच्या खोलीतली कॉट उभी केली की मात्र ते बरोबर बसतं, हे त्यांनी आधीच टेपने पाहून ठेवलं होतं. मला विचारायच्या आधी. त्यामुळे पुढचे कितीतरी दिवस माझ्या घरात दुपारी जमिनीवर घाटकोपर पसरलेलं असे आणि मी भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन बसलेली असे.

नकाशा काढायची त्यांची रीत त्यांचीच. आग्रा रोडवरची दुकानांची ओळ ही कॉलर. दोन्ही बाजूंच्या गल्ल्या या बाह्या. कारखान्याची बाजू ती पाठ. गटार म्हणजे शिवण, कारण ते जागोजागी उसवलेलं. आणि भट्टी होणार होती तो मधला तुकडा हा खिसा. आमची चाळ पाठीला लागून, खिशाच्या कडेला. मी म्हटलं, "मास्तर, ही पाठीवर खिसा असलेली कुठली फॅशन?" तर मनापासून म्हणाले, "हल्लीच्या पॅन्टींना असतो ना मागे."

पाहुणे आले की मला हे सगळं समजावून सांगावं लागे. माझ्या मोठ्या नणंदेला पार्ल्याच्या माहेराबद्दल आधीच आकस. ती म्हणाली, "काय गं, तुमच्याकडे जमिनीवर शर्ट वाळत घालतात?"

त्यात माझी आणि त्यांची खरी जुंपली ती मायेवरून. शिवणीत जाण्यासाठी कडेला जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. मास्तरांनी प्रत्येक खोलीभोवती माया सोडली होती. त्यामुळे आमच्या आणि कांबळेबाईंच्या खोलीमध्ये चांगली बोटभर जागा दिसायची. प्रत्यक्षात तिथे एक विटेची भिंत, तीही अशी की कांबळेबाईंनी फोडणी घातली की ठसका आम्हाला.

"मास्तर, इथे जागा कुठाय?" मी म्हटलं.

"ती जागा नाही, माया आहे."

"पण बघणाऱ्याला जागा वाटेल ना! चाळ केवढी लांबलचक झालीय बघा. आपण काय महालात राहतो?"

"माया सोडली नाही, तर शिवताना एकात एक जातात वहिनी. मग कोण कुठला कळत नाही."

"अहो, नकाशा कुठे शिवायचाय!"

यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की न शिवता कापडाचं कोण काय करतं हे त्यांना खरोखर समजत नव्हतं. आणि मग शिवण सुरूच झाली. गटार काळ्या दोऱ्याने, रस्ते करड्या दोऱ्याने, कारखाना जांभळ्या दोऱ्याने भरलेला. हात सुरेख, यात वाद नाही. पण अंतर विचाराल तर शाळेपासून आमची चाळ त्या कापडावर मुलुंडइतकी लांब गेली होती.

मग माणसं बोलावून आणायला सुरुवात झाली. एकेक बिऱ्हाड माझ्या घरात येऊन कापडाभोवती बसायचं, मास्तर विचारायचे, "कुठं काचतंय? बोट ठेवा. कधीपासून?" आणि मी चहा करायची. कधीपासून याचं उत्तर कोणाकडे सालात नव्हतंच. एक जण म्हणे मेव्हण्याच्या लग्नापासून, दुसरा म्हणे कंपनीतला संप मिटला तेव्हापासून. कांबळेबाई सातारा बाजूच्या, चाळीत सगळ्यात जुन्या. त्या खाली बसल्या आणि त्यांनी बरोबर खिशाच्या मधोमध बोट ठेवलं.

"हितं इहीर व्हती," त्या म्हणाल्या. "माझ्या थोरल्याच्या टायमाला पाणी कसं नितळ. मधलीच्या टायमाला पिवळट यायला लागलं. तवा म्या वरडत व्हते, पर ऐकतंय कोन? धाकट्याच्या टायमाला तर बुजवूनच टाकली."

आम्हाला तिथे विहीर होती हेसुद्धा ठाऊक नव्हतं. मास्तरांनी सुईत पांढरा दोरा ओवला आणि तिथल्या तिथे एक गोल शिवला. मग त्याच्या एका बाजूला पिवळा दोरा घातला. कांबळेबाई शेवटपर्यंत बघत होत्या. "आसंच," एवढंच म्हणाल्या, आणि चहा न घेता गेल्या. माझा चहा वाया गेला, तरी त्या दिवशी मी काही बोलले नाही.

पण बटणांच्या वेळी बोलले. चांगली बोलले.

झालं असं, की कोणाला खोकला, कोणाच्या डोळ्यांची आग, कोणाच्या मुलाच्या अंगावर चट्टे, हे सगळं कापडावर दाखवायचं कसं? मास्तरांनी ठरवलं, ज्या घरात त्रास त्या घरावर बटण. आणि बटण विकत आणायचं नाही. ज्याची तक्रार, त्याच्याच अंगावरच्या कपड्याचं. "म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की घाडी मास्तरानं खोक्यातली बटणं लावली. ज्याचं बटण, तो उभा राहील." चाळीला ही कल्पना काय आवडली! एकेक जण येऊन मास्तरांसमोर शर्ट पुढे करायचा आणि मास्तर ब्लेडने टचकन बटण काढायचे. आठवड्याभरात आमच्या चाळीतले सगळे पुरुष छाती उघडी टाकून हिंडू लागले. बाहेरच्यांना वाटलं, पोरं बिघडली. आमच्या ह्यांनी तर ऑफिसच्या नव्या शर्टाचं वरून दुसरं बटण दिलं, आणि सेफ्टी पिन लावून साहेबासमोर गेले.

"जुन्या शर्टाचं द्यायचं ना!" मी ओरडले.

"डोळ्यांची आग मला नव्या शर्टातच होते," हे शांतपणे म्हणाले. मास्तरांच्या संगतीचा परिणाम.

मी तशीच शेजारी गेले. "मास्तर, सगळ्यांची बटणं काढलीत. तुमच्या शर्टाची सगळी जागच्या जागी दिसतायत. तुमचं बटण कुठाय?"

"माझी तक्रार नाही," ते मशीनवरून मान वर न करता म्हणाले.

"तक्रार नाही? मग एवढा खटाटोप कशाला चाललाय?"

मशीन चालू. मला इतका संताप आला, की मी दोन दिवस त्यांच्या टकटकीला दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी ते सुट्टी काढून गावी निघून गेले. कापड माझ्या घरात, कॉट उभी, सुनावणी तोंडावर आलेली आणि हा माणूस आंबे खायला गेला. आठवड्याने आले, कापड गुंडाळून स्वतःच्या खोलीत नेलं आणि जाताना म्हणाले, "वहिनी, सुनावणीला तुम्ही पायजे. नाक लागेल."

मी रजा टाकून गेले. कशी गेले ते माझं मला माहीत. मास्तर, मी आणि कांबळेबाई. मास्तरांनी स्वतः शिवलेला शर्ट घातला होता आणि कापडाची गुंडाळी लहान मूल धरावं तशी खांद्यावर धरली होती. वॉर्ड ऑफिसच्या दारात शिपायाने विचारलं, "कोण?"

"सांगा साहेबांना, कटिंग मास्तर आलेत."

शिपाई म्हणाला, "साहेबांचा चहा झालाय. दुपारी या."

हे मिटवण्यात थोडा वेळ गेला. आत गेलो तर साहेब थकलेले, बिचारे वाईट नव्हते. शेजारच्या खुर्चीत कारखान्याकडून आलेले एक सफारीवाले गृहस्थ बसले होते. कोणी काही विचारायच्या आत मास्तरांनी कापड टेबलावर पसरलं. फायली, टेलिफोन, साहेबांचा चष्मा, सगळं घाटकोपरच्या खाली गेलं.

"हे काय आहे?" साहेबांनी चष्मा शोधत विचारलं.

"आपला भाग, साहेब. ही कॉलर, ह्या दोन बाह्या, ही पाठ..."

सफारीवाले हसले. "साहेब, सरकारी नकाशात या ठिकाणी वस्तीच नाही. मोकळी जमीन आहे."

"मग ह्या वहिनी कुठं राहतात?" मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पट्टीने माझ्याकडे दाखवलं. मला उभं राहावं लागलं. मी जगात आहे याचा पुरावा म्हणून मी वॉर्ड ऑफिसात उभी होते. असा प्रसंग माझ्या माहेरच्या कोणावर आला नसेल.

साहेब आता वाकून बघू लागले होते. "मास्तर, ही अंतरं बरोबर नाहीत हो. घरांमध्ये एवढी जागा?"

मी डोळे मिटून घेतले.

"जागा नाही साहेब, माया आहे."

"काय आहे?"

"माया. थोडी सोडावी लागते."

सफारीवाले मोठ्यांदा हसले. साहेब हसले नाहीत. त्यांची बायको घरी ब्लाऊज शिवत असावी. "बरं, बरं," म्हणाले, "आणि हा चौकोन?"

"तो खिसा. भट्टी तिथंच बांधतायत." मास्तरांचा आवाज चढला आणि ते सरळ मालवणीवर आले, "साहेब, ह्येंनी आमच्या खिशात हात घातल्यानी!"

यावर कांबळेबाईच फस्सकन हसल्या, मग शिपाई, मग साहेबही. पण हसता हसता कांबळेबाईंनी पुढे होऊन शिवलेल्या गोलावर बोट ठेवलं आणि आपल्या तिन्ही बाळंतपणांसकट विहिरीची हकिगत सांगितली. साहेबांनी ती लिहून घेतली. पुढे मला वासाबद्दल विचारलं. एवढ्या दिवसांच्या दुपारच्या झोपा मोडून मी जे हुंगलं होतं, ते सगळं मला धडाधड सांगता आलं. मी सांगत गेले आणि सफारीवाल्यांनी पायावरचा पाय खाली घेतला.

मग साहेब एकेका बटणावर पेन्सिल टेकवत, हे कोणाचं, ते कोणाचं, विचारू लागले. मास्तर नाव आणि त्रास सांगत. टोकाच्या खोलीवर पेन्सिल थांबली.

"हे बटण नाही. हे काय आहे?"

मीही वाकले. ती मास्तरांची खोली. तिथे बटणाच्या जागी काळ्या दोऱ्याने एक छोटासा हुक शिवलेला होता. बायकांच्या ब्लाऊजचा. कापड माझ्याकडे होतं तोवर तो तिथे नव्हता.

"ब्लाऊजचा हुक लावलाय साहेब!" सफारीवाले म्हणाले. "काय चेष्टा चालवलीय!"

मला वाटलं, आता मास्तर काहीतरी काखेतलं आणि गळ्यातलं बोलतील. पण त्यांनी हातातली पट्टी खाली टेकवली.

"ज्याची तक्रार त्याचं लावायचं, असं ठरलंय साहेब," ते म्हणाले. "माझी तक्रार नाही. मला वासच येत नाही. मी कुठंपण राहीन. मंडळीला दम लागतो. ह्या हवेत रात्र रात्र बसून काढायची. डॉक्टर म्हणाला, हिला इथून हलवा. तर गावी भावाकडे ठेवली. तिकडे चांगली आहे. ह्या वहिनी इथं यायच्या आधी दोनदा आणून बघितली, चार दिवसांत परत तेच." मग म्हणाले, "आता गेलो होतो तेव्हा तिनेच उसवून दिला. म्हणाली, माझा पण लावा."

साहेबांनी पेन्सिल ठेवली आणि त्या हुकावर हलकेच बोट टेकवलं, तो कापडाला नीट धरलाय का हे बघावं तसं. मग म्हणाले, "पाहणीला मी स्वतः येतो. हे कापड इथे ठेवून जा."

पुढे काय झालं ते आताच सांगून टाकते. पाहणी झाली. भट्टी तिथे झाली नाही, आणि नव्या नकाशात आमची चाळ आली, एका तिरक्या चौकोनाएवढी. धूर मात्र होता तिथून होता तसाच येत राहिला, आणि बनियनही पिवळे होत राहिले. कापड वॉर्ड ऑफिसातून परत आलं नाही. आमच्या ह्यांच्या शर्टाचं बटण अजून सरकारजमा आहे.

पण हे सगळं नंतर. त्या दिवशी बाहेर पडल्यावर कांबळेबाई धाकट्याच्या शाळेकडे वळल्या, आणि मी आणि मास्तर आग्रा रोडने चालत निघालो. माझ्या डोक्यात नुसता गोंधळ. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहायचं, दुपारी दुपारी दार ठोठावून वास विचारायचा, आणि कशासाठी विचारतो ते सांगायचं नाही म्हणजे काय? बरं, एवढं सगळं होतं तर करायचं काय ते सरळ आहे की नाही? मी न राहवून फटकन बोलले, "मास्तर, मग तुम्हीच का नाही तिकडे जाऊन राहत? तुम्हीपण सुटाल, आम्हीपण सुटू."

मास्तर भाजीच्या गाडीपाशी थांबले.

"मागे एकदा गेलो होतो वहिनी. नोकरी सोडतो म्हणून सांगून, पेटी घेऊन गेलो होतो. तिने पेटी बघितली आणि दारातल्या खळ्यातच रडाक लागली." ते रस्त्याकडे बघत होते. "म्हणाली, 'तुमीच हय येवन रवलात, तर मी परत खय जाव?'"

मग त्यांनी तपकिरीची डबी काढली, चिमूट नाकाला लावली, दोनदा शिंकले आणि रुमालाने नाक आणि डोळे एकदमच पुसून टाकले. मी तपकीर ओढत नाही. मला तशी काही सोय नव्हती. भर आग्रा रोडवर, भाजीवाला "काय देऊ बाई?" विचारत असताना मला रडू कोसळलं, आणि त्या माणसाने आजवर मला जेवढा वैताग दिला होता, त्या सगळ्याहून जास्त राग मला त्याचा तेव्हा आला.